मुरलेली पोर्ट : एका बाटलीतील एकतीस वर्षे

२००८ सालच्या नाताळात मी इंग्लंडमध्ये होते. पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठी गेले होते. सुटीमुळे प्रयोगशाळा बंद होती आणि गावातील दुकानेही बंद होती. एका सहकाऱ्याने मला घरी जेवायला बोलावले. टेबलाभोवती तीन पिढ्या बसल्या होत्या. भरपेट जेवण झाले, ताटल्या उचलल्या गेल्या आणि मग सहकाऱ्याची आजी उठून बाजूच्या फडताळाकडे गेली. तिथे एक काळी, धुळकट बाटली आदल्या दिवसापासून उभी करून ठेवली होती. टेबलावरची बडबड आपोआप थांबली.

त्या बाटलीत १९७७ सालच्या द्राक्षांची पोर्ट वाइन होती. माझा सहकारी त्याच वर्षी जन्मला होता. ती वाइन बाजारात आली तेव्हा त्याच्या आजोबांनी बारा बाटल्यांची एक पेटी घेऊन तळघरात आडवी ठेवली होती. मुलाच्या जन्मवर्षाची पोर्ट घेऊन ठेवायची आणि तो एकवीस वर्षांचा झाला की उघडायची, अशी तिकडे काही घरांत जुनी रीत आहे. १९९८ मध्ये पहिली बाटली उघडली तेव्हा ती इतकी तुरट आणि दांडगी लागली की आजोबा म्हणाले, ‘‘हिला अजून अक्कल आलेली नाही. थांबू या.’’ पुढे काही बाटल्या उघडल्या गेल्या, काही भेट म्हणून गेल्या. मधल्या काळात आजोबा वारले. आदल्या नाताळात उघडलेल्या बाटलीला ओल्या पुठ्ठ्यासारखा बुरसट वास आला आणि ती ओतून द्यावी लागली. आता दोनच उरल्या होत्या.

बाटली उघडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही, आणि एकदा उघडली की पुन्हा तळघरात ठेवता येत नाही. आयुष्यभर प्रयोग करणाऱ्या माणसाला हा प्रकार विलक्षण वाटतो. प्रयोग एकदाच करायचा, तोही एकतीस वर्षांनी, आणि ज्याने मांडला तो निकाल पाहायला नाही. त्या बाटलीत इतकी वर्षे नेमके काय चालले होते, ते आज पाहू या.

आधी पोर्ट म्हणजे काय?

पोर्तुगालच्या उत्तर भागात दोरू नावाची नदी वाहते. तिच्या दोन्ही काठांवरच्या तीव्र उतारांवर पायऱ्या खोदून द्राक्षांचे मळे केलेले आहेत. जमीन पाटीच्या दगडासारख्या पापुद्र्यांच्या खडकाची. त्याच्या फटींतून वेलींची मुळे खोलवर जातात. पोर्ट म्हणावी ती वाइन फक्त याच खोऱ्यातली. १७५६ साली पोर्तुगीज सरकारने या प्रदेशाची हद्द आखून दिली आणि हद्दीवर दगड रोवले. नदी जिथे समुद्राला मिळते त्या पोर्तो शहरातून ही वाइन जहाजांवर चढे, म्हणून तिचे नाव पोर्ट. फ्रान्सशी वारंवार होणाऱ्या युद्धांमुळे इंग्रज व्यापारी पोर्तुगालकडे वळले आणि १७०३ च्या मेथुएन तहाने पोर्तुगीज वाइनवरची जकात कमी झाली. इंग्रजांच्या नाताळाशी पोर्टचे नाते जुळले ते तेव्हापासूनच्या व्यापारातून. (गोव्यात ‘पोर्ट वाइन’ या नावाने मिळणारी गोड, लाल वाइन बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल. पोर्तुगीज राजवटीच्या आठवणीतून ते नाव आले आहे. पण ती वाइन वेगळी, वर्षानुवर्षे साठवण्यासाठी केलेली नव्हे.)

साध्या वाइनमध्ये द्राक्षाच्या रसातील जवळजवळ सगळी साखर किण्व, म्हणजे यीस्ट, खाऊन टाकते. ग्लुकोजच्या एका रेणूपासून अल्कोहोलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू तयार होतात. पोर्टमध्ये हे किण्वन मध्येच थांबवतात. दोन-तीन दिवसांत साधारण निम्मी साखर संपली की रस काढून घेतात आणि त्यात द्राक्षांपासूनच ऊर्ध्वपातनाने काढलेला ७७ टक्के अल्कोहोलचा अर्क मिसळतात. प्रमाण ढोबळमानाने चार भाग रसाला एक भाग अर्क.

याचे गणित वर्गात करण्यासारखे आहे. समजा, रसात लिटरमागे २४० ग्रॅम साखर होती. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखर संपली की एक टक्का अल्कोहोल तयार होतो. किण्वन ६ टक्क्यांवर थांबवले, तर १०२ ग्रॅम साखर गेली आणि १३८ ग्रॅम उरली. आता असा ४०० लिटर रस आणि १०० लिटर अर्क एकत्र करा. रसातले अल्कोहोल २४ लिटर, अर्कातले ७७ लिटर. एकूण ५०० लिटरमध्ये १०१ लिटर, म्हणजे सुमारे २० टक्के. साखर उरली लिटरमागे सुमारे ११० ग्रॅम. (अल्कोहोल आणि पाणी मिसळताना आकारमान किंचित घटते, ते इथे सोडून दिले आहे.) प्रत्यक्षात पोर्टमध्ये १९ ते २२ टक्के अल्कोहोल असते, आपला हिशेब बरोबर त्यात बसतो.

सोळा-सतरा टक्क्यांच्या वर बहुतेक किण्वांचा टिकाव लागत नाही. वीस टक्क्यांत किण्व मरते, वाइन आंबवून तिचा शिरका करणारे जिवाणूही वाढू शकत नाहीत. म्हणून गोडवा शिल्लक राहतो. आणि म्हणूनच पुढे बाटलीत जे घडते ते जिवाणूंचे काम नसते. ती निव्वळ रसायनशास्त्राची हकिकत आहे.

दोन प्रकारचे मुरणे

आपल्याकडे लोणचे मुरते, मुरांबा मुरतो. कैरीच्या फोडीतून पाणी बाहेर येते, मीठ आणि मसाला आत जातो. तिथे मुख्यतः परासरण आणि विसरण चालते. पोर्टला आपण ‘मुरलेली’ म्हणू शकतो, पण तिच्यात बाहेरून आत जाण्यासारखे जवळजवळ काही नसते. तिथे आतलेच रेणू एकमेकांशी हळूहळू जुळत जातात. शब्द एक, प्रक्रिया वेगळ्या.

पोर्टमध्येही मुरण्याचे दोन रस्ते आहेत. एक लाकडाचा. ओकच्या पिंपात दहा, वीस, चाळीस वर्षे ठेवलेल्या वाइनला लाकडातून हवा मिळत राहते. ती लालाची तांबूस, मग मधासारखी पिंगट होते. तिला टॉनी म्हणतात. दुसरा रस्ता काचेचा. हंगाम असाधारण चांगला असेल तर त्या एकाच वर्षाच्या निवडक द्राक्षांची वाइन दोन ते तीन वर्षांची होताच न गाळता बाटल्यांत भरतात आणि बुचे ठोकतात. हीच व्हिंटेज पोर्ट. १९६३, १९७७, १९९४, २०११ ही अशी नावाजलेली वर्षे. पुढची सगळी वाढ अंधारात, जवळजवळ हवेवाचून होते.

रंगाचे कोडे

जांभूळ, कोकम, जास्वंद आणि काळी द्राक्षे यांचा रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांमुळे येतो. शिक्षकांना ती दर्शक म्हणून परिचित आहेत; आम्लात लाल, अल्कलीत निळसर-हिरवट. पोर्ट करताना द्राक्षे दगडी कुंडांत पायांनी तुडवतात, ते याच कारणाने. दोन-तीन दिवसांच्या थोड्या वेळात सालींतला रंग आणि सालीबियांतले टॅनिन जास्तीत जास्त रसात उतरवायचे असते. पाय हे काम उत्तम करतात, कारण साली चिरडतात पण कडवट बिया फुटत नाहीत. आज यंत्रेही वापरली जातात, पण काही मळ्यांत तुडवण्याची रीत टिकून आहे.

आता कोडे असे. बाटलीतल्या वाइनची तपासणी केली तर काही वर्षांतच मूळचे सुटे अँथोसायनिन जवळजवळ संपलेले आढळते. मग तीस वर्षांनीही पोर्ट लाल कशी?

उत्तर असे की रंगद्रव्याचे रेणू नाहीसे झाले नाहीत, ते दुसऱ्या रेणूंना जोडले गेले. मिसळलेल्या अर्कात अ‍ॅसिटाल्डिहाइड थोड्या प्रमाणात असते. त्याचा रेणू अँथोसायनिन आणि टॅनिन यांच्यामध्ये पुलासारखा बसतो. त्यामुळे पोर्टचा रंग सुरुवातीच्या महिन्यांत फिका पडण्याऐवजी गडद होतो. शिवाय सुटे अँथोसायनिन वाइनच्या सौम्य आम्लतेत बरेचसे रंगहीन रूपात असते. जोडलेली रंगद्रव्ये मात्र आपला रंग टिकवून धरतात. २००३ मध्ये पोर्तो येथील संशोधकांनी पोर्टमधून निळसर छटेची अशी नवी रंगद्रव्ये वेगळी केली. द्राक्षात ती नसतात, वाइनमध्येच जन्मतात. त्यांना पोर्टिसिन असे नाव मिळाले.

तुरटपणा जातो कुठे?

कच्चे केळे, सुपारी किंवा कडक कोरा चहा तोंडात घेतला की जीभ आखडते. ही चव नव्हे, स्पर्श आहे. टॅनिनचे रेणू लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, त्यांचा साका होतो आणि तोंडातले वंगण नाहीसे होते. चहात दूध घातले की टॅनिन दुधातल्या प्रथिनांत गुंतते आणि चहा मऊ लागतो.

कोवळ्या पोर्टमध्ये टॅनिन भरपूर असते. वर्षे जातात तसे टॅनिनचे रेणू आपसांत आणि रंगद्रव्यांशी जुळून मोठे होत जातात. फार मोठे झाले की द्रवात तरंगत राहणे त्यांना जमत नाही; ते खाली बसतात. पूर्वी एवढेच स्पष्टीकरण पुरेसे मानत. आता असे दिसते की आम्लात टॅनिनच्या साखळ्या तुटतात, नव्या तऱ्हेने जुळतात आणि बदललेल्या रूपात प्रथिनांना पूर्वीइतक्या घट्ट चिकटत नाहीत. दोन्हींचा परिणाम एकच : तुरटपणा कमी होतो आणि बाटलीच्या खालच्या अंगाला गडद साक्याचा थर धरतो. हा साका म्हणजे बिघाड नव्हे. वेळ गेल्याचा तो पुरावा आहे.

या सगळ्यात ऑक्सिजनचा वाटा किती? लुई पाश्चरने १८६६ साली वाइनवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. हवेशिवाय बंद केलेल्या नळ्यांत वाइन तशीच राहते आणि हवा शिल्लक असलेल्या नळ्यांत तिचा रंग उतरून साका बसतो, हे त्याने दाखवले. व्हिंटेज पोर्टला हा ऑक्सिजन अगदी थेंबाथेंबाने मिळतो, तोही बुचातून. बूच हे कॉर्क ओक या झाडाच्या सालीचे. झाड पंचविसेक वर्षांचे झाले की पहिल्यांदा साल काढतात, नंतर दर नऊ वर्षांनी. १६६५ साली रॉबर्ट हूकने सूक्ष्मदर्शकाखाली याच सालीचा काप पाहिला आणि ‘पेशी’ हा शब्द विज्ञानाला मिळाला. हवा भरलेल्या त्या बंद, मेणचट भिंतींच्या पेशींमुळे बूच दाबले जाते, पुन्हा फुगते आणि द्रव बाहेर येऊ देत नाही. बाटली आडवी ठेवायची ती बूच ओले राहावे म्हणून. सुकले की ते आक्रसते. बुचाचा एक दोषही आहे. बुरशीच्या क्रियेने त्यात कधी ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल हे संयुग तयार होते. लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढ्या अत्यल्प प्रमाणातही नाकाला ते ओल्या पुठ्ठ्यासारखे जाणवते. आदल्या नाताळातली बाटली यानेच गेली असावी.

घाई का चालत नाही?

इथे कोणताही चौकस विद्यार्थी विचारील : तापमान दहा अंशांनी वाढले की अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो ना? मग १३ अंशांच्या तळघराऐवजी ३३ अंशांच्या खोलीत बाटली ठेवली, तर वेग चौपट होईल आणि एकतीस वर्षांचे काम आठ वर्षांत उरकेल!

दुपटीचा हा नियम ढोबळ आहे. अ‍ॅरेनियसने १८८९ मध्ये दाखवले की तापमानाचा परिणाम त्या त्या अभिक्रियेच्या सक्रियण ऊर्जेवर अवलंबून असतो. बाटलीत एक अभिक्रिया चालत नाही; शेकडो चालतात. उष्णतेने काहींचा वेग दुप्पट होतो, काहींचा तिप्पट-चौपट. म्हणजे सगळी मिरवणूक सारख्या वेगाने पुढे जात नाही, तिचा क्रमच बदलतो. बेसन मंद आचेवर भाजले तर खमंग होते. मोठ्या आचेवर ते लवकर खमंग होत नाही, करपते.

याचा प्रयोग इतिहासात होऊन गेला आहे. अटलांटिकमधील मदेरा बेटाची वाइन पिंपांत भरून जहाजे विषुववृत्त ओलांडून भारताकडे येत आणि काही पिंपे तशीच परत जात. जहाजाच्या पोटातल्या उकाड्याने ती वाइन करपट-गोड आणि खमंग झालेली असे. लोकांना ती आवडली, म्हणून आजही मदेरातल्या बऱ्याच वाइन ४५ ते ५० अंशांवर किमान तीन महिने तापवतात. ती वाइन चांगली असते, पण ती वेगळी वाइन असते. तापवून जुनी पोर्ट मिळत नाही.

टेबलावर

आजींनी बाटली उचलली ती तान्हे मूल उचलावे तशी. काचेवर चुन्याचा एक पांढरा फटकारा होता. बाटली आडवी ठेवताना कोणती बाजू वर होती त्याची ती खूण. साका कोणत्या बाजूला धरला आहे ते त्यावरून कळते. बूच जपून काढले, तरी अर्धे भुसभुशीत होऊन तुटले. (फारच जुन्या बाटलीसाठी लाल तापवलेला चिमटा मानेला लावतात आणि मग ओल्या फडक्याचा स्पर्श करतात. एकदम आकुंचन पावून काच तिथेच सरळ रेषेत तडकते.) मग त्यांनी मेणबत्ती लावली, बाटलीची मान तिच्या ज्योतीवर धरली आणि एका संथ धारेत वाइन काचेच्या सुरईत ओतायला सुरुवात केली. हात ऐंशी वर्षांचा, पण हलत नव्हता. मानेत काळसर धागा दिसताच त्या थांबल्या. तळाशी चार-पाच चमचे गढूळ द्रव उरला.

रंग माणकासारखा होता, कडेला विटकरी. बुरसट वास नव्हता. सुके अंजीर, जुने लाकूड, आणि माझ्या नाकाला तरी मेथीच्या लाडवांची अंधुक आठवण. ते मला माझे वेड वाटले. नंतर वाचनात आले की जुन्या पोर्टच्या, विशेषतः लाकडात मुरलेल्या पोर्टच्या, वासात सोटोलोन नावाचा रेणू महत्त्वाचा असतो आणि मेथीचा वासही मुख्यतः त्याचाच.

सुरई रिवाजाप्रमाणे डाव्या हाताला फिरत गेली. सोबत खारट निळे चीज आणि अक्रोड होते. मीठ कडवटपणाची जाणीव दाबते, त्यामुळे गोडवा खुलतो. पेरूला आपण तिखटमीठ लावतो ते आठवा. मी दोन-चार घोट घेतले. तुरटपणाचा मागमूस होता, पण दांडगाई नव्हती. कोणी फारसे बोलले नाही. आजींनी एकदा ग्लास उजेडात धरून पाहिला आणि म्हणाल्या, ‘‘त्यांनी थांबायला सांगितले ते बरोबर होते.’’ उरलेली वाइन दोन दिवसांत संपवायची, असेही त्यांनी बजावले. उघडलेल्या सुरईत मिळणारा ऑक्सिजन काही तासांत असे काम करतो की जे टाळण्यासाठी बूच एकतीस वर्षे पहारा देत होते.

तळाचा साका मी एका लहान कुपीत मागून आणला. सूक्ष्मदर्शकाखाली तांबूस पापुद्रे दिसले आणि त्यांत काही चकाकणारे स्फटिक. चिंचेतही असणाऱ्या टार्टारिक आम्लाच्या पोटॅशियम क्षाराचे ते असणार.

वर्गासाठी

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. रसायनाचे कौतुक म्हणजे मद्याची शिफारस नव्हे. पोर्टच्या साठ मिलिलिटरच्या पेल्यात साडेनऊ ग्रॅम अल्कोहोल असते. मद्य कर्करोगकारक असल्याचे १९८८ मध्येच नोंदले गेले आहे आणि कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले. वाइन ‘औषधी’ असल्याच्या कथा विद्यार्थ्यांच्या कानावर येतात, त्यांना हे उत्तर द्यावे.

काळाचे रसायन पाहायला मद्य लागतही नाही. मीठ घातलेले कोकमाचे आगळ घ्या. तीन सारख्या काचेच्या बाटल्या स्वच्छ धुऊन वाळवा. पहिली काठोकाठ भरा, काळ्या कागदात गुंडाळून थंड जागी ठेवा. दुसरी अर्धीच भरून तिच्याशेजारी तशीच ठेवा. तिसरी काठोकाठ भरून, कागद न लावता, उन्हाच्या खिडकीत ठेवा. तिन्ही घट्ट बंद करा. दर आठवड्याला पांढऱ्या कागदासमोर धरून रंग नोंदवा, तळाशी साका दिसतो का ते पाहा. कोकमात रंगद्रव्याची मोडतोडच जास्त, जुळणी कमी. त्यामुळे पोर्टशी तंतोतंत तुलना होणार नाही. पण हवा आणि ऊन काय करतात ते विद्यार्थ्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. उन्हात उजेड आणि उष्णता एकत्र आल्या. त्या वेगळ्या कशा कराव्यात, हे त्यांनाच सुचवू द्या.

वर्ष संपले तरी बाटल्या उघडू नका. चिठ्ठीवर तारीख घालून नोंदवहीसह पुढच्या वर्गाकडे सोपवा. प्रयोग मांडणारे एक आणि निकाल पाहणारे दुसरे, असेही शाळेत एकदा होऊ द्यावे. आजींनी बारावी बाटली त्या रात्री पुन्हा तळघरात नेऊन ठेवली होती, पांढरी खूण वर करून.